एका पट्ट्याचे वाचन

पेशीविज्ञान आणि रेणवीय जीवशास्त्र यांच्या पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणात ‘स्पेशल टॉपिक्स’ नावाचा एक लहानसा, बहुधा एका सत्राचा अभ्यासक्रम असतो. त्याला पाठ्यपुस्तक नसते, व्याख्यानांची ठरलेली मालिका नसते, आणि एखादाच प्रश्न हाती घेऊन त्यावरचे मूळ शोधनिबंध, म्हणजे विद्यार्थी ज्यांना सरसकट ‘पेपर’ म्हणतात ते, वर्गात एकेक करून वाचले जातात. विषयातील सर्वांत ताजी माहिती मिळावी म्हणून हा अभ्यासक्रम असतो, असा समज विद्यार्थ्यांत आणि कित्येक शिक्षकांतही आढळतो. परंतु ताजी माहिती समीक्षालेखांतून अधिक सोयीने मिळते आणि दोन-तीन वर्षांत शिळीही होते. या वर्गात जे शिकता येते आणि इतरत्र सहसा शिकता येत नाही, ते निराळे आहे: एखादे विधान खरे ठरण्यापूर्वी, उत्तर कुणालाच ठाऊक नसताना, उपलब्ध पुराव्यावरून नेमके किती म्हणता येत होते, याचा अदमास घेणे.

म्हणून शिकवणाऱ्याचे निम्मे कौशल्य वर्ग सुरू होण्यापूर्वीच, पेपर निवडताना, खर्ची पडते. संपूर्ण सत्रात सहा-सात पेपर पुरेसे होतात. त्याहून अधिक घेतले की वाचनाची जागा सारांश घेतात. निवडलेले पेपर एकाच प्रश्नाच्या माळेतले असावेत आणि आधीच्या पेपरात जी उणीव राहिली ती पुढच्याने भरून काढलेली असावी, म्हणजे ती उणीव विद्यार्थ्यांना स्वतः हेरण्याची संधी मिळते. पेशीचक्राचे संशोधन या दृष्टीने फार सोयीचे आहे, कारण पेशी वाढते, डीएनएची प्रत काढते आणि विभागते, हे वर्तुळ प्रत्येक विद्यार्थ्याने अकरावीपासून वहीत काढलेले असते, आणि ते वर्तुळ कोण फिरवते हे मात्र क्वचितच कुणी विचारलेले असते.

या माळेचा पहिला मणी एका अभ्यासक्रमातच सापडला, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल येथे 1888 साली स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक्रम चालतो, आणि तेथे शिकवत असतानाच 1982 साली टिम हंट यांनी सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांवर एक साधा प्रयोग केला. फलनानंतर ही अंडी जवळजवळ एकाच वेळी विभागू लागतात, त्यामुळे लाखो अंड्यांचा नमुना एका पेशीसारखा वाचता येतो. फलित अंड्यांना किरणोत्सारी गंधक असलेले मिथिओनिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, देण्यात आले. काही मिनिटांच्या अंतराने नमुने काढून त्यांतील प्रथिने आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवण्यात आली, आणि किरणोत्सारामुळे फिल्मवर पट्टे, अर्थात बँड, उमटले. बहुतेक पट्टे वेळेबरोबर गडद होत गेले. एक पट्टा मात्र गडद होऊन पेशीविभाजनाच्या सुमारास नाहीसा झाला, आणि पुढच्या विभाजनापूर्वी पुन्हा उमटला. 1983 साली ‘सेल’ या नियतकालिकात पाच लेखकांच्या नावे हे प्रसिद्ध झाले, प्रथिनाला सायक्लिन हे नाव मिळाले, आणि 2001 च्या नोबेल पारितोषिकात हंट यांच्यासह लीलंड हार्टवेल आणि पॉल नर्स हे वाटेकरी झाले.

वर्गात पारितोषिकाचा उल्लेख शेवटी आलेला बरा. आधी फक्त ते चित्र समोर ठेवावे, निबंधातील चर्चेचा भाग झाकून ठेवावा, आणि एका विद्यार्थ्याला फळ्यावर जेल काढायला सांगून प्रत्येक रांगेत काय भरले आहे हे बोलून घ्यावे. ‘पट्टा दिसत नाही, म्हणजे प्रथिन बनणे थांबले’ हे उत्तर जवळजवळ नेहमी पहिले येते, आणि ते घाईने खोडू नये. किरणोत्सारी मिथिओनिन सुरुवातीपासून सतत दिलेले आहे. बनणे केवळ थांबले असते तर आधी बनलेले प्रथिन जागेवरच राहिले असते आणि पट्टा फिका झाला नसता. तो फिका होतो, तेव्हा बनलेले प्रथिन नष्टच होत असले पाहिजे. ही पायरी विद्यार्थ्याने स्वतः ओलांडण्यासाठी कधीकधी वर्गाचा निम्मा वेळ जातो, आणि तो वेळ द्यावा, कारण नमुना कसा तयार केला यावर निष्कर्ष कसा अवलंबून असतो हे याहून स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत. एखादी चौकस विद्यार्थिनी मग विचारते, की प्रथिन नष्ट न होता त्यात रासायनिक बदल होऊन ते जेलवर दुसरीकडे सरकले असेल तर? असा प्रश्न आला की पुढची सगळी आखणी बाजूला ठेवून त्याच्यामागे जावे.

यानंतर येते ती खरी अडचण. सायक्लिन विभाजनाबरोबर येते-जाते एवढेच 1983 चा पेपर सिद्ध करतो; ते विभाजन घडवते, हे त्यातून निघत नाही. कोणता प्रयोग केला म्हणजे ते निघेल, हे वर्गाकडून लिहून घेऊन मगच अँड्र्यू मरे आणि मार्क किर्शनर यांचा 1989 चा पेपर उघडावा. झेनोपस या बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातील सगळे संदेशवाहक आरएनए एन्झाइमने नष्ट करून, मग त्या एन्झाइमला निष्प्रभ करून, त्यांनी केवळ सायक्लिनचा आरएनए घातला आणि अर्क पुन्हा चक्रे घेऊ लागला. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या पेपरात टोकाचा भाग छाटल्यामुळे नष्ट न होणारे सायक्लिन दिले, तेव्हा अर्क विभाजनाच्या अवस्थेतच अडकून पडला. 1991 साली मायकेल ग्लॉट्झर यांच्यासह याच गटाने दाखवले की नष्ट करण्यापूर्वी सायक्लिनला युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण लावली जाते. विद्यार्थ्यांनी लिहून दिलेल्या प्रयोगांत 1989 च्या पहिल्या पेपराचा सांगाडा पुष्कळदा ओळखू येतो, आणि तो ओळखू आला की त्यांच्या चेहऱ्यावर येणारे समाधान कोणत्याही गुणपत्रिकेत मावत नाही.

आजचे पेपर असे वाचणे अवघड झाले आहे. एकेका आकृतीत दहा-बारा उपआकृत्या, त्यांखाली पुरवणी माहितीची लांब यादी आणि पाच-सहा वेगवेगळी तंत्रे, असा मामला असतो. तेव्हा संपूर्ण पेपर उरकण्याचा हट्ट सोडून ज्या एका उपआकृतीवर मुख्य दावा उभा आहे तिच्यावरच थांबणे शहाणपणाचे. स्लाइडवरचे सादरीकरण शक्य तो टाळावे, कारण तयार स्लाइड विचाराला पुढे ढकलते. खडूने काढलेली आकृती चुकते, थांबते, आणि वर्ग तिच्यात हात घालू शकतो.

महाराष्ट्रातील विभागांत एक गोष्ट विशेष जपावी लागते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी जेलचे अचूक वाचन करतो, परंतु ते इंग्रजीत मांडायचे म्हटले की गप्प बसतो, आणि त्याचे मौन अज्ञान समजले जाते. चर्चा मराठीत किंवा हिंदीत मोकळेपणाने होऊ द्यावी आणि लेखी टिपण तेवढे इंग्रजीत मागावे; ‘कंट्रोल’ म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, तपासायचा तो एक घटक वगळलेला नमुना, हे स्वतःच्या भाषेत एकदा पक्के झाले की इंग्रजी वाक्य उशिरा का होईना, पण बरोबर लिहिले जाते.

परीक्षेऐवजी सत्राच्या शेवटी दोन-तीन पानांचा संशोधन-प्रस्ताव मागवण्याची पद्धत योग्यच आहे, मात्र त्यात नव्या तंत्रांच्या नावांना गुण देऊ नयेत. प्रस्तावात एक परिच्छेद सक्तीचा असावा: प्रयोगाचा कोणता निकाल हाती आला तर लेखक स्वतःचे गृहीतक सोडून देईल, आणि त्या निकालाची आकृती कशी दिसेल. हा परिच्छेद रिकामा किंवा गोलमाल आला तर प्रस्ताव गुण न देता परत करावा, विद्यार्थ्याबरोबर बसून तीच आकृती पेन्सिलीने काढावी आणि नव्याने लिहायला आठवडा द्यावा.