जुना खेळ आणि नवा पडदा

संसारांत जुन्या वस्तूंचे दोन वर्ग असतात. एका वर्गांतील वस्तूंची किंमत सर्वांना ठाऊक असते. तांब्यापितळेचीं भांडीं, शिसवी कपाट, आजीच्या पाटल्या. त्यांची यादी होते, वांटणी होते आणि प्रसंगीं त्यांवरून भांडणेंहि होतात. दुसऱ्या वर्गांतील वस्तूंना कोणी किंमत देत नाहीं, पण टाकूनहि देत नाहीं. त्या माळ्यावर पडून राहतात. ज्यांच्या घरचीं मुलें १९९० नंतरच्या दहा वर्षांत वाढलीं, त्यांच्या माळ्यावर या दुसऱ्या वर्गांतील एक पेटी बहुधा सांपडेल. ती म्हणजे मुलांचा व्हिडिओ गेम.

ही पेटी खालीं काढून नव्या टी. व्ही. ला जोडावी, आणि तिचा खेळ दूरदेशीं असलेल्या आप्तांनाहि त्याच वेळीं दाखवावा, अशी हौस हल्लीं पुष्कळांना वाटूं लागली आहे. हौस चांगली आहे. पण वायर खोंचली आणि काम झालें, इतकें तें सोपें नाहीं. तें सोपें कां नाहीं, आणि तरीहि करण्यासारखें कां आहे, हें आम्ही आमच्या घरच्या अनुभवावरून सांगणार आहों.

जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें खेळाचें यंत्र काढलें. त्याच्या नकला पुढें आपल्या बाजारांत आल्या, आणि मुंबईस लॅमिंग्टन रोडला व पुण्यास बुधवार पेठेंत मिळूं लागल्या. कॅसेटीवर हजारों खेळांचा आंकडा छापलेला असे. लावून पाहतां तेच दहापांच खेळ नांवें पालटून फिरून फिरून येत. आमच्या घरीं हा खेळ १९९४ च्या दिवाळींत आला. सदाशिव पेठेंतील वाड्यांत तेव्हां तीन भावांचे संसार एकाच चुलीवर चालत. मुलें पांच आणि रिमोट दोन, त्यामुळें पाळी लावावी लागे. परवचा झाल्याशिवाय खेळास हात लावावयाचा नाहीं, हा आजीचा नियम. आणि हरलेल्यानें मुकाट्यानें रिमोट पुढच्याच्या हातीं द्यावयाचा, हा आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा नियम. दोन्ही नियम सारख्याच कडकपणें पाळले जात.

पुढें वाडा पाडून इमारत उभी करण्याचें ठरलें आणि वांटणी झाली. यादींत झोपाळ्याच्या पितळी कड्यांपर्यंत सर्व कांहीं होतें. त्या यादीवरून दादांचें आणि आमच्या धाकट्या चुलत बंधूंचें जें बिनसलें, तें चार वर्षें तसेंच राहिलें. एकाच शहरांत राहून दोघे एकमेकांच्या घरची पायरी चढले नाहींत. व्हिडिओ गेमचा उल्लेख मात्र यादींत नव्हता. त्याला किंमतच नसल्यामुळें तो लिहावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. अशा रीतीनें आमच्या घराण्याची तेवढीच एक मिळकत अविभक्त राहिली, आणि ती आमच्या माळ्यावर होती.

दादांची कन्या टोरोंटोला शिकते. गेल्या दिवाळींत ती आली असतां तिची नजर या पेटीवर गेली. “काका, हा गेम चालूं करूं या. आणि मी तिकडे गेल्यावरहि मला तो बघतां आला पाहिजे,” असें ती म्हणाली, आणि आम्ही कामास लागलों.

पहिली अडचण अशी कीं, ज्या टी. व्ही. साठीं हें यंत्र निर्माण झालें, तो नळीचा टी. व्ही. आतां घरांत नव्हता. (ज्यांच्याकडे तो अद्याप असेल त्यांनीं तो भंगारवाल्यास देऊं नये. त्याच्या नळीच्या कांचेंत शिसें असतें. ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच तो सोंपवावा. चालूं स्थितींत असेल तर ठेवावाच, कारण या खेळांना त्याच्याइतकी चांगली जोड दुसरी नाहीं.) नव्या टी. व्ही. ला पिंवळ्या, पांढऱ्या व तांबड्या पिनांचीं तीन छिद्रें बहुधा नसतात; त्यांच्याऐवजीं कित्येकदां एकच बारीक छिद्र असतें. त्यासाठीं निराळी जोडवायर लागते, आणि तिच्यांतील तारांचा क्रम प्रत्येक कारखानदाराचा वेगळा असल्यामुळें ती त्या टी. व्ही. चीच घ्यावी लागते.

वायर जुळली, चित्र आलें, पण तें आमच्या लहानपणचें चित्र नव्हतें. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीच्या पद्धतींत एक चित्र ६२५ ओळींचें असे. तें दोन हप्त्यांत येई. आधीं विषम ओळी, मग सम ओळी. असे हप्ते सेकंदाला ५० येत. खेळाच्या यंत्रानें यांतून आपली सोय काढली. तें प्रत्येक हप्त्यांत ३१२ पूर्ण ओळी पाठवी आणि दर खेपेस त्याच जागीं उमटवी. अर्थात् त्याचा प्रत्येक हप्ता म्हणजे एक संपूर्ण चित्र असे. नळीच्या टी. व्ही. ला याचें कांहींच वाटत नसे; ओळ आली कीं ती पडद्यावर ओढावी, एवढेंच त्याला ठाऊक. नवा टी. व्ही. मात्र विद्वान् आहे. त्याला वाटतें, हीं अर्धीं चित्रें आहेत. म्हणून तो दोन निरनिराळीं चित्रें एकांत एक विणतो. खेळांतील नायकास शत्रूचा धक्का लागला कीं तो लुकलुकतो; म्हणजे यंत्र एका चित्रांत त्याला काढतें आणि दुसऱ्यांत गाळतें. हीं दोन चित्रें विणलीं गेलीं कीं त्या बिचाऱ्याच्या अंगावर आडव्या फटी पडतात.

याहून मोठा दोष विलंबाचा. चित्र गुळगुळीत करण्यासाठीं नवा टी. व्ही. कांहीं चित्रें हातीं राखून ठेवतो. सेकंदाला ५० चित्रें धरलीं, तर पांच चित्रें राखल्यानें सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. बातम्या ऐकतांना हें कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. पण रिमोटवर बोट दाबावें आणि उडी मागाहून पडावी, यानें खेळणारा खड्ड्यांत जातो. तबलजी बोल अचूक वाजवितो, पण प्रत्येक बोल क्षणभर मागाहून, असा प्रकार होतो. टी. व्ही. च्या व्यवस्थेंत ‘गेम मोड’ असेल तर तो चालूं करावा. विलंब पुष्कळ कमी होतो. बदकें टिपण्याची बंदूक मात्र नव्या पडद्यावर चालतच नाहीं. घोडा दाबतांच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो, आणि नळींतील तो चौकोन नेमक्या त्या क्षणीं बंदुकीच्या डोळ्यास दिसला तर नेम लागतो. नव्या पडद्यावर चौकोन उशिरां उमटतो, आणि त्याचा प्रकाशहि नळीच्या प्रकाशासारखा नसतो.

बाजारांत ‘एव्ही टू एचडीएमआय’ नांवाची स्वस्त डबी मिळते. ती वायरीचें तोंड बदलते, पण टी. व्ही. ची गैरसमजूत दूर करीत नाहीं. स्वतःच दोन चित्रें विणून पुढें पाठविते आणि चौकोनी खेळ ताणून रुंदहि करते. म्हणून आमच्या पुतणीनें ‘रेट्रोटिंक’ नांवाचें लहानसें यंत्र मिळविलें. अमेरिकेंतील अभियंते माइक ची यांनीं तें तयार केलें आहे. त्याच्या साध्या प्रकारांत युक्ति इतकीच, कीं आलेली ओळ क्षणभर धरावी आणि दोनदां पाठवावी. एका ओळीला सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकीं अवघे ६४ लागतात. तेव्हां हा विलंब मनुष्यास कळणें शक्य नाहीं. हें यंत्र म्हणजे प्रामाणिक दुभाषी होय. बोलणाराचें वाक्य तें सुधारीत नाहीं, सजवीत नाहीं. ऐकणारास कळेल अशा भाषेंत लगेच पोंचवितें. त्याची किंमत मूळ खेळाच्या कित्येक पट आहे. आमच्या मातोश्रींनीं ती ऐकून “चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला” ही म्हण ऐकविली, आणि ती अस्थानीं होती असें आम्हांस म्हणवत नाहीं.

दूरच्या माणसांना खेळ दाखविण्यासाठीं साखळीस आणखी तीन कड्या लागतात. दुभाषी यंत्रांतून निघालेली वायर ‘स्प्लिटर’ नांवाच्या फांट्यांत घालावी. तिची एक शाखा टी. व्ही. ला जाते, दुसरी ‘कॅप्चर कार्ड’ मध्यें. तें कार्ड लॅपटॉपला जोडलें आणि ‘ओबीएस स्टुडिओ’ हें मोफत मिळणारें साधन उघडलें, कीं खेळ यूट्यूबवर सोडतां येतो. कार्ड विकत घेण्यापूर्वीं तें सेकंदास ५० चित्रांचें मान स्वीकारतें कीं नाहीं हें विचारावें. कित्येक कार्डें, आणि अमेरिकेंत विकले जाणारे कित्येक टी. व्ही., तें स्वीकारीत नाहींत. खेळणारानें लॅपटॉपकडे न पाहतां टी. व्ही. कडेच पाहावें, कारण लॅपटॉपवरचें चित्र मागाहून येतें. यूट्यूबवर प्रथमच प्रक्षेपण करावयाचें असेल, तर परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागूं शकतो. म्हणून आदल्या दिवशींच तजवीज ठेवावी. आणि घरांतील मुलांचा खेळ सर्व जगापुढें मांडण्याचें कांहीं कारण नाहीं. ‘अनलिस्टेड’ असा पर्याय निवडला, तर ज्यांच्याकडे आपण दुवा पाठवूं त्यांच्यापुरतेंच तें राहतें. तरी तो दुवा पुढें कोणास देऊं नये, हेंहि सर्वांस बजावून ठेवावें.

दोन सावधगिरीच्या सूचना येथेंच सांगतों. परदेशांतून कोणी जुनें यंत्र आणलें असेल, तर ॲडॅप्टरवरचे आंकडे वाचल्याशिवाय तें लावूं नये. जपानांत विजेचा दाब १०० व्होल्ट, अमेरिकेंत १२० आणि आपल्याकडे २३० आहे. दुसरें, कॅसेट चालली नाहीं कीं तिच्यांत फुंकर मारण्याची आपणां सर्वांची जुनी संवय सोडावी. श्वासांतील ओलाव्यानें आंतील धातूचे दांत गंजतात. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसावे.

पुतणी टोरोंटोस परत गेल्यावर एका रविवारीं रात्रीं आम्ही पहिला खेळ सोडला. तिकडे तेव्हां सकाळ होती. रिमोट दादांच्या हातीं होता आणि खेळ होता ‘सुपर मारिओ’. दुवा तिनें कुटुंबांतील सर्वांना पाठविला होता. सर्वांत आमचे चुलत बंधुहि आले. पाहणारांचा आंकडा तीनावरून चारावर गेला, तेव्हां चौथे कोण हें कोणी विचारलें नाहीं. प्रक्षेपण कांहीं सेकंद मागें असतें, त्यामुळें दादांनीं उडी मारल्यावर टोरोंटोची शाबासकी मागाहून उमटे, आणि मातोश्रींना त्याचीच मौज वाटे.

पहिल्या भागाच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटीं बाहेर पडण्याचा एक नळ लागतो. त्यांत न शिरतां छताच्या विटांवरून पुढें गेलें, तर एकदम चौथ्या भागापर्यंत नेणारे गुप्त नळ सांपडतात. वाड्यांत ही वाट प्रथम आमच्या या चुलत बंधूंनीं शोधून काढली होती. त्या वेळीं ते सात वर्षांचे होते. दादा त्या नळापाशीं आले आणि थांबले. वर वेळेचे आंकडे उतरत होते. वाट त्यांना माहीत नव्हती असें नाहीं. थोड्या वेळानें पडद्याच्या बाजूस अक्षरें उमटलीं: “दादा, नळांत नको शिरूंस. वरच्या विटांवरून जा.”

दादा वरून गेले. खेळ संपल्यावर त्यांनीं फोन घेतला आणि ते गच्चीवर गेले. तेथें काय बोलणें झालें तें आम्ही विचारलें नाहीं. वांटणीचा प्रश्न त्या रात्रीं सुटला नाहीं, आणि एखाद्या खेळानें तो सुटावा अशी अपेक्षाहि नव्हती. पण पुढच्या रविवारीं आमचे चुलत बंधु दुसरा रिमोट हातीं घेण्यासाठीं स्वतः घरीं आले, इतकें मात्र घडलें.

ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांना आमची विनंती आहे कीं, ती खालीं काढावी, धूळ पुसावी, विजेचे आंकडे वाचावे, आणि मध्यें दुभाषी घालतांना जो कमींत कमी बोलतो तो निवडावा. साधनाची किंमत जड वाटली, तर दोनतीन बिऱ्हाडांनीं मिळून तें घ्यावें. रोज लागणारी ही वस्तु नव्हे. आणि दुवा कोणाकोणास पाठवावयाचा याची यादी करतांना, ज्याच्याशीं बोलणें खुंटलें आहे त्याचेंहि नांव तींत घालावें.