काराध्रासचा घाट

पुस्तकांतील घाट चढावयास शिदोरी लागत नाहीं. तरी टोल्किनसाहेबांचा काराध्रास चढतांना आम्हांस धाप लागलीच!

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरींतील कल्पित भूमींत धुक्याच्या डोंगरांची रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. पश्चिमेस होली या कांटेरी, सदाहरित झाडांचा ओसाड प्रांत. पूर्वेस आरशासारखें निश्चल सरोवर व त्याजवळ उगम पावणारी रुपेरी नदी. आणि दोहोंमध्यें तांबड्या काराध्रासच्या अंगावरून जाणारा हा घाट. ऐन जानेवारींत नऊ प्रवासी तो चढूं लागतात, तोंच हिमवादळ त्यांस गांठतें. रात्र कड्याच्या आडोशास काढल्यावर सकाळीं पाहतात, तों परतीच्या वळणावर बर्फाची भिंत उभी. पलीकडे मात्र बर्फ अगदीं विरळ! हा डोंगराचा दावा, असें त्यांस वाटतें. भूगोलाचा जाणता म्हणेल, कड्याआड वाऱ्याचा जोर मोडला कीं बर्फ तेथेंच सांचावयाचें.

हें चित्र केवळ कल्पनेचें नव्हे. १९११ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, टोल्किन स्वित्झर्लंडांत पायीं हिंडले. आलेच हिमनदीजवळ उन्हानें बर्फ वितळून धोंडे सुटले. एक तर त्यांच्या व पुढील बाईंच्या मधून सणसणत गेला. डोंगराचें भय त्यांनीं असें अनुभविलें होतें.

नऊहि जण घाटांतून सुखरूप उतरले. पण पुढें डोंगराखालच्या काळोखी वाटेनें जातांना त्यांचा वाटाड्या अंतरला. माघार घेणें शहाणपणाचें खरें. परंतु त्या शहाणपणाचेंहि मोल द्यावें लागतें, हें आम्हीं त्या घाटांत शिकलों.