मांडीवरची सुई

सुई हातात घेतली की नजर आधी शीर शोधते. मूल लहान असलं की मी आधी आई शोधते. ‘मला बघवत नाही’ म्हणून ती दाराबाहेर उभी असते. तिला आत बोलावते. सुईकडे नका बघू, बाळाकडे बघा, त्याच्याशी बोला.

मूल आडवं पाडायचं, एकानं पाय धरायचे, एकानं डोकं, ही वॉर्डातली जुनी रीत मला कधीच पटली नाही. वरून वाकलेल्या अनोळखी चेहऱ्यांखाली दबलेलं मूल टोचण्याआधीच किंचाळतं. ते दाबून धरणंच त्याच्या मनात राहतं. त्यापेक्षा आईच्या मांडीवर, तिच्या छातीला छाती लावून बसवावं आणि एक हात तिच्या काखेखालून माझ्याकडे घ्यावा. हलता येत नाही एवढी घट्ट पकड, पण ती आईची.

अंगावर पिणारं बाळ पेंटाव्हॅलंट लशीच्या डोसाला आलं, तर आधी पाजायला घ्यायला सांगते. ते नीट ओढायला लागलं की उघड्या मांडीत टोचते. ठसका लागेल म्हणून आज्या घाबरतात. पण जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ साली हेच सुचवलं. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहायची सवयही सोडा, असं तिनं सांगितलं. मांडीच्या त्या भागात मोठी रक्तवाहिनी नसते. दट्ट्या ओढत बसलं, तर उगाच सुई आत रेंगाळते.

तान्ह्यांना फारसं दुखत नाही, असं डॉक्टरही मानत. इंदूरला शिकलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की शस्त्रक्रियेत वेदनाशामक दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताणही कमी होतो. इतकं उशिरा कळावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मोठ्या मुलांशी खरं बोलावं. ‘काही दुखणार नाही’ म्हणून फसवलेलं मूल पुढच्या वेळी सिस्टरवर विश्वास का ठेवील? थोडं दुखेल, मी सांगेन तेव्हा जोरात फुंकर मार, एवढं पुरतं. थॅलेसेमियाच्या मुलांना तर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला यावंच लागतं. बधिर करणारं क्रीम चढायला तासभर लागतो, म्हणून ते कुठे लावायचं हे आईला दाखवून ठेवते. ती घरूनच लावून आणते. डावा हात की उजवा, हेही मुलाला विचारते, पण दोन्हीकडच्या शिरा चांगल्या असतील तरच. विचारून ऐकायचं नसेल, तर विचारू नये.