पाडस आणि लेन्स

रानातल्या नवजात पिल्लाचा पहिला बचाव म्हणजे कुणाच्या दृष्टीस न पडणे. नखे, दात, शिंगे, वेग यांतले काहीच अजून त्याच्यापाशी नसते. असतो तो अंगाचा रंग, स्तब्ध राहण्याची उपजत समज आणि आईची सावधगिरी. छायाचित्रकाराला मात्र नेमके तेच पिल्लू दिसायला हवे असते. हा विरोध उमगला, तर नवजात प्राण्यांचे छायाचित्रण म्हणजे रानाचा फार बारकाईने केलेला अभ्यास होऊ शकतो. उमगला नाही, तर ते पिल्लाच्या जिवावर बेतते.

सगळीच पिल्ले लपत नाहीत. वानराचे नवजात पिल्लू काळपट असते आणि राखाडी टोळीत ते चटकन उठून दिसते. आईखेरीज टोळीतल्या इतर माद्याही त्याला हाती घेतात, कुरवाळतात. गावाजवळच्या वडा-पिंपळावर हे सारे उघड्यावर चालते, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात करावी ती इथून. उलट, रानडुकराची पिल्ले अंगावर पट्टे घेऊन जन्मतात आणि झुडपांच्या छायेत विरून जातात.

खरी परीक्षा माळरानावर असते. अहिल्यानगर जिल्ह्यातले रेहेकुरी किंवा सोलापूरजवळचे नान्नज यांसारख्या गवताळ भागांत काळविटाची मादी साधारण सहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा एकाच पाडसाला जन्म देते. ती त्याला चाटून स्वच्छ करते आणि वारही खाऊन टाकते, म्हणजे लांडग्याला वासाचा माग लागू नये. मग पाडसाला गवतात बसवून ती दूर चरायला जाते. सुरुवातीच्या दिवसांत ती दूध पाजण्यापुरतीच जवळ येते. एरवी तिचे दूर राहणे हेच पाडसाचे संरक्षण असते, कारण ती सतत जवळ उभी राहिली तर शिकाऱ्याची नजर तिच्यावरून पाडसावर जाईल.

गवतातले हे पाडस पाहण्यासारखे असते. पाय पोटाखाली दुमडलेले, मान जमिनीला टेकलेली, कान मागे चिकटलेले. वाळक्या गवताच्या रंगात बाकीचे शरीर मिसळून गेलेले असते. ओलसर नाक आणि टपोरा डोळा तेवढे चमकतात. माणूस चार पावलांवर आला तरी ते हलत नाही. इथेच हौशी छायाचित्रकाराची फसगत होते. पाडस शांत आहे, घाबरलेले नाही, असे त्याला वाटते आणि तो आणखी पुढे सरकतो. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले आहे, की धोक्याची चाहूल लागताच लपलेल्या पाडसाच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. म्हणजे ज्याला आपण निर्धास्तपणा समजतो, ती भीतीने गोठलेली अवस्था असते. अशा क्षणी जवळून काढलेला फोटो कितीही देखणा असला, तरी तो भीतीचाच फोटो असतो.

म्हणून नजर ठेवावी ती आईवर. चरता चरता तिने मान वर केली, कान एका दिशेला रोखले आणि तोंडातला घास चावायची थांबली, की आपण जास्त जवळ आलो आहोत हे समजावे आणि मागे फिरावे. माळावरची जनावरे पायी चालणाऱ्या माणसाला जितकी बिचकतात, तितकी थांबलेल्या गाडीला बिचकत नाहीत. गाडीचे इंजिन बंद करून, चारशे-पाचशे मिलिमीटरची लेन्स खिडकीवर टेकवून दूरवर थांबलेल्याला पहाटे किंवा तिन्हीसांजेला आई परत येताना दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. पाडस लटपटत उठते, कासेला ढुशा देते, शेपूट हलवते. मुख्य म्हणजे ते आपल्या मर्जीने उभे राहिलेले असते.

एकटे पिल्लू म्हणजे पोरके पिल्लू, हा समज याहून घातक. जुन्नर आणि नाशिक परिसरात ऊसतोडीच्या हंगामात बिबट्याचे बछडे फडात सापडतात. उंच, दाट ऊस मादीला सुरक्षित वाटतो म्हणून ती तिथे विते. कोयता जवळ आला की ती बाजूला होते. बछडे मागे राहतात. मग त्यांना हातात घेऊन मोबाइलवर फोटो काढण्याची चढाओढ लागते. वनखाते आणि त्याला साथ देणाऱ्या संस्था बछड्यांना तपासून संध्याकाळी सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात, आजूबाजूची माणसे हटवतात आणि स्वयंचलित कॅमेरे लावतात. अंधार पडल्यावर मादी येते आणि मानेला धरून एकेक बछडा उचलून नेते. या भेटीची चित्रफीत निघते ती कॅमेऱ्यामागे कुणीच नसते म्हणून.

कोकण किनाऱ्यावरच्या कासवांची गोष्ट निराळी, कारण तिथे आई नसतेच. ऑलिव्ह रिडलेची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात निघून जाते. मंडणगड तालुक्यातल्या वेळास इथे २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी राखण्याचे काम उभे केले. सुमारे पन्नास दिवसांनी जेमतेम चार सेंटिमीटरची पिल्ले वाळूतून वर येतात आणि समुद्राकडच्या उजेडाच्या दिशेने चालू लागतात. पोटात उरलेला पिवळ्या बलकाचा साठा हीच त्यांची पहिल्या प्रवासाची शिदोरी. फ्लॅशने ती दिशा चुकतात, ओल्या वाळूत उमटलेल्या पावलांच्या खड्ड्यांत अडकतात आणि शिदोरी किनाऱ्यावरच संपू लागते. बघ्यांना थोपवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे वाळूवर आडवे होऊन, कॅमेरा पिल्लांच्या पातळीला आणून, नैसर्गिक प्रकाशात फोटो काढण्याला कुणाची आडकाठी नसते, आणि चांगला फोटो मिळतोही तिथूनच.

पाहणे आणि त्रास देणे यांतली रेघ कायद्यानेही स्पष्ट आखली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात वन्य प्राणी पकडणे ही शिकार ठरते, आणि पक्षी किंवा सरपटणारे प्राणी यांची अंडी वा घरटी विचलित करणे हीसुद्धा. पिल्लू खरोखर जखमी असेल किंवा त्याची आई मेलेली दिसली असेल, तर १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवावे आणि तिथून दूर व्हावे.

फोटो काढून झाल्यावरही एक काम उरते. आजच्या मोबाइलमध्ये आणि काही कॅमेऱ्यांत फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. फोटो लोकांपुढे मांडताना ही नोंद काढून टाकावी आणि मजकुरात तालुक्यापलीकडचा पत्ता देऊ नये. तारीख, वेळ, पिल्लांची संख्या, आईचे वागणे आणि नेमकी जागा हे सारे आपल्या वहीत मात्र लिहावे आणि वनखात्याला द्यावे. कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात पाडसे जन्मतात हे अशा नोंदींवरून कळते, आणि गवत कधी कापायचे, गुरे कधी सोडायची हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.