संबळ, कोंगा आणि हरवलेली नावे

२९ सप्टेंबर १९४७. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये डिझी गिलेस्पीच्या जॅझ वाद्यवृंदात एक क्युबन वादक कोंगा घेऊन उभा राहिला. लुसियानो पोसो गोन्सालेस, लोकांचा चानो पोसो. १९१५ साली हवानात जन्मलेला, गरीब वस्तीत वाढलेला. इंग्रजी त्याला जवळजवळ येतच नव्हते. त्याच डिसेंबरात ‘मान्तेका’ ध्वनिमुद्रित झाले आणि अमेरिकी जॅझच्या लयीला नवे वळण लागले. डिसेंबर १९४८ मध्ये हार्लेममधील एका बारमध्ये गोळ्या लागून तो गेला. वय अवघे ३३.

चानोने मंचावर आणलेले ताल मुळात मंचासाठी नव्हतेच. गुलाम म्हणून क्युबात नेलेल्या आफ्रिकी माणसांनी देवपूजेत आणि अबाकुआ या पुरुषांच्या गुप्त बंधुसंघात ते जपले होते. देवाचा ताल तिकिटाच्या खेळात वाजवावा का, हा प्रश्न म्हणूनच त्याच्या कारकिर्दीपासून वेगळा काढता येत नाही.

नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. गोंधळ्यांच्या दोन शाखा: तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्याच मस्तकाला त्याच्याच शिरा ताणून वाद्य केले आणि ते वाजवीत तो माता रेणुकेच्या वंदनाला आला, अशी गोंधळाची जन्मकथा. कथा भयंकर आहे. पण वाद्य आधी देवीपुढे वाजले, मग जगापुढे, हा क्रम तिने नेमका सांगितला आहे.

इतिहासाचा धागाही जवळचाच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त ‘गोंडली’ नृत्याचा उल्लेख येतो आणि अभ्यासक त्याचा संबंध गोंधळाशी जोडतात. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवतण द्यायचे आणि मग आख्यान. नाईक कथा सांगतो; तुणतुणे, झांज साथ देतात. संबळाच्या जोडीतले एक तोंड उंच स्वराचे, दुसरे खर्जाचे. काठ्यांची गती वाढली की नाईकालाही त्या गतीमागे जावे लागते. पथकाचा प्रमुख नाईक खरा, पण रात्र कोणाच्या हातात असते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

‘मान्तेका’च्या रचनाकारांत गिलेस्पी आणि गिल फुलर यांच्याबरोबर चानोचे नाव आहे. तालवाद्य वाजवणाऱ्याला रचनाकार मानणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपल्याकडे परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्यांचे नाव दूरवर पोहोचले, हेही थोडे नव्हे. पण ते आख्यानकाराचे नाव. सुपारी देताना यजमान आजही नाईक कोण, हे विचारतो. संबळावर कोण बसणार, हे सहसा विचारत नाही.