पद्मिनीचे दिवे

२०२३ च्या दिवाळीची ही गोष्ट. दोनदा लिहायला घेतली आणि दोन्ही वेळा ड्राफ्ट उडवला. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, ऑफिसचा फोन बंद आहे. लिहूनच टाकतो.

आमची एक प्रीमियर पद्मिनी आहे. १९८९ ची, पांढरी (म्हणजे एकेकाळी पांढरी). काकाजींनी १९९४ मध्ये सेकंडहॅन्ड घेतली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आमचं गाव सानगडी. साकोलीहून लाखांदूरकडे निघालात की लागतं. बाहेरच्यांना किल्ल्यामुळे माहीत असतं, नाहीतर नसतंच. काकाजी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. कॅसेट प्लेयर, छोटा पंखा, मागच्या सीटवर दिवा, डबल हॉर्न, गाडीतलं असलं सगळं त्यांच्या हातचं. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात ते गेले.

गाडी मग बाबा चालवायला लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये साकोलीहून रात्री परत येताना दोन्ही हेडलाईट एकदम गेले. एक आधी, एक नंतर असं नाही. एकदम काळोख. गाडी रस्ता सोडून बांधीत उतरली. भारी धान उभं होतं, चिखल होता, म्हणून वेग तिथंच संपला. बाबांना खरचटलं फक्त. पण त्या रात्रीनंतर त्यांनी अंधार पडल्यावर स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि गाडी शेडमध्ये धानाच्या पोत्यांशेजारी उभी राहिली.

त्याहून वाईट म्हणजे, विषय निघाला की बाबा एकच वाक्य बोलायचे. "त्याची वायरिंग होती ना. सारं जुगाड करून ठेवलं होतं." काकू तिथंच बसलेली असली तरी बोलायचे. ती उठून आत जायची.

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी बातमी आली की मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ३० ऑक्टोबरपासून काळी-पिवळी पद्मिनी बंद. ऑफिसात सगळे फोटो फॉरवर्ड करत होते. यातल्या किती जणांनी तिचा स्टिअरिंगवरचा गिअर टाकला असेल देव जाणे. असो. मला आठवलं की आमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२४ मध्ये पुन्हा रिन्यू करायचं आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी सहाशेची पाच हजार झाली होती, आणि दिवेच लागत नसतील तर पासिंगला न्यायचं काय? बाबा फोनवर म्हणाले, "भंगारवाला येऊन गेला. पाहून गेला."

मी सलग दहा दिवस रजा टाकली. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस, एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस, भंडारा रोडला उतरून पुढे बस. बॅगेत मल्टिमीटर, क्रिम्पिंगचा पक्कड, रिले, ब्लेड फ्यूजचा बॉक्स आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर. डिग्री कॉम्प्युटरची, पण आत्मविश्वास मात्र इलेक्ट्रिकलचा :)

पहिले दोन दिवस फक्त उकलण्यात गेले. बॅटरी आधी काढली. (हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. आधी बॅटरी काढा.) स्पीडोमीटरची केबल सोडवली, मीटरचा डबा बाहेर ओढला, प्रत्येक वायरला कागदी टेपचं लेबल लावलं आणि मोबाईलवर फोटो काढले. डॅशबोर्डखाली उताणं झोपलं की मान अशी अवघडते की ऑफिसच्या खुर्चीबद्दल पुन्हा तक्रार करणार नाही म्हणून शपथ घ्यावी. उंदरांनी एका बाजूचं वायरिंग सोलून ठेवलं होतं. धानाच्या पोत्यांशेजारी गाडी ठेवल्यावर दुसरं काय होणार.

बरेचसे दोष एकाच घरचे निघाले. उजवा सिग्नल दिला की ब्रेक लाईटही लुकलुकायचा, हेडलाईट लावला की पेट्रोलचा काटा हलायचा. हा सगळा अर्थिंगचा घोळ. गाडीत बॅटरीची एक बाजू बॉडीला जोडलेली असते आणि करंट पत्र्यातूनच परत जातो. तिथं गंज चढला की त्याला परतीची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासला, नवे थिंबल लावले. काटा गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी लाईटच्या स्विचपर्यंत पोचलो. मागचा प्लग वितळून काळा गोळा झाला होता. दोन्ही दिव्यांचा करंट याच एका जागेतून जात होता, म्हणून दोन्ही एकदम गेले. मग प्रश्न असा की फ्यूज का उडाला नाही? फ्यूज बॉक्स उघडला. हेडलाईटच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली होती. चांगली जाड.

आणि ती तार बघता क्षणी मला ओळखू आली.

२०१७, मी तिसऱ्या वर्षाला. नागपूरहून १००/९० वॅटचे हॅलोजन आणले होते. जुने बल्ब ४५/४० चे, पिवळट उजेडाचे. मी नवे लावले आणि शेडसमोरची भिंत दिवसासारखी उजळली. काकाजी म्हणाले होते, "याले रिले लागते बाबू." मी म्हणालो, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी फ्यूज उडाला. तिसऱ्या दिवशी परत. मग मी एका जुन्या वायरची तार सोलून त्याच्यावर गुंडाळली आणि कॉलेजला निघून गेलो.

गणित शाळेतलंच आहे. ४० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर पावणेसात अँपिअरच्या आसपास घेतात. ९० चे दोन पंधरा घेतात. करंट सव्वादोनपट झाला की त्याच वायरमध्ये, त्याच स्विचमध्ये उष्णता पाचपट होते. फ्यूज हे ओळखून दरवेळी मरत होता, कारण तो असतोच वायर वाचवायला. मी त्याचं तोंड बंद केलं. पाच वर्षं ती जागा शिजत राहिली, आणि जेव्हा गेली तेव्हा स्टिअरिंगवर बाबा होते. प्रोग्रामरमंडळींना कळेल. दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडत गिट ब्लेम चालवावं आणि ओळीपुढे आपलंच नाव दिसावं.

बाकी वायरिंगमध्ये काकाजींचं आणि माझं काम शेजारी शेजारी दिसत होतं. त्यांचे जोड डाग देऊन, स्लीव्ह चढवून. माझे पिळून, वर काळी टेप. हॉर्नला त्यांनी रिले घातला होता. ग्लोव्ह बॉक्समध्ये त्यांची दोनशे पानी वही सापडली. प्रत्येक वायरचा रंग, कुठून कुठे, कोणत्या तारखेला बदलली. हेडलाईटच्या पानावर खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "बाबूचे १०० वॅट. रिले टाकणे." पुढे टिकमार्क नव्हता.

त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी तो तार गुंडाळलेला फ्यूज बाबांच्या बशीशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. काकू दारात उभी होती. बाबांनी तो उचलून चष्म्याजवळ नेला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मी त्याले सालभर बोलून राह्यलो." मग काकूकडे न बघता, "वहिनी, तुम्ही तरी सांगाचं होतं."

काकू म्हणाली, "मले काय माहीत भाऊजी, तार कोनाची होती ते." आणि कप उचलून आत गेली. एवढंच. त्यानंतर त्या घरात त्यावर कोणी बोललेलं नाही. माफी-बिफी आमच्याकडे कोणी तोंडानं मागत नाही.

उरलेल्या दिवसांत काम केलं. बल्ब ६०/५५ चे. डिपरला एक रिले, अप्परला एक. बॅटरीजवळच पंधराचा फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून सरळ दिव्याला. स्विचच्या वाट्याला आता फक्त ८५-८६ ची कॉईल, तिला करंट लागतो नावापुरता. दिव्याजवळ मीटर लावला तर पूर्ण व्होल्टेज. हे महत्त्वाचं आहे, कारण बाराचे साडेदहा पोचले तर उजेड एक तृतीयांशाहून जास्त पडतो. म्हणजे २०१७ मध्ये मला बल्ब बदलायची गरजच नव्हती, वायर बदलायला हवी होती. सगळ्या जोडांना डाग दिले. पहिले आठ-दहा भयंकर झाले, ते कापून पुन्हा केले. काकाजींचा पंखा आणि मागचा दिवा वहीत बघून जसाच्या तसा जोडला. कॅसेट प्लेयर काही बोलला नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरत असतात, पडदा उशिरा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. बाबा आणि काकाजी याच गाडीनं जायचे, वर्षाला पाच-सहा नाटकं तरी. माझ्या परतीच्या आदल्या दिवशी लाखांदूरकडच्या एका गावात नाटक होतं. मी चावी घेऊन निघालो तर बाबा म्हणाले, "जाताना तू चालव."

नाटकात नायिकेची सासू इतकी जबरदस्त होती की काकू दोनदा मोठ्यानं तिला शिव्या देऊन बसली. साडेचारला सुटलो. थंडी, धुकं, रस्त्यावर धान भरलेला एखादा ट्रॅक्टर. बाबा न बोलता उजव्या बाजूला जाऊन बसले. चावी फिरवली, लाईट लावला. डॅशबोर्डमागून रिलेचा बारीक टक् आवाज आला.

"हे काय वाजलं?"

"रिले."

"हाव," म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.