कर्ज तिच्या नावावर, मग घरही तिचेच!



आरक्षण, शिष्यवृत्ती, खासगीकरण यांवर आपण रात्र रात्र चर्चा करतो. पण बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर आपल्या माणसाचे काय होते, यावर कोणी बोलत नाही. कर्ज ही घरातली गोष्ट, ती चार लोकांत काढायची नाही, असे आपण मानतो. त्यामुळे घरात पहिल्यांदाच पगार आणणारा आपला तरुण होम लोन मागायला जातो तेव्हा त्याला तिथले नियम माहीत नसतात. नकार मिळाला की तो अपमान गिळून परत येतो. म्हणून आम्ही आमचा अनुभव मांडत आहोत. तो आम्हा दोघांचा आहे, म्हणून 'आम्ही' असेच लिहितो.

आम्ही नागपूरचे. ती सामाजिक संस्थेत काम करते, तो एका कारखान्यात सुपरवायझर आहे. घर घ्यायचे ठरले आणि बँकेने दोघांचाही सिबिल स्कोअर काढला. हा स्कोअर 300 ते 900 च्या दरम्यान असतो. तिचा 770 च्या वर निघाला, त्याचा 620 सुद्धा नाही. अधिकाऱ्याने कागद फिरवून दाखवला आणि म्हणाला, "साहेबांमुळे फाईल अडकेल."

साहेबांनी कुणाचे पैसे बुडवले होते? 2018 साली वस्तीतल्या एका मित्राला टेम्पो घ्यायचा होता. त्याच्याकडे ना शेत, ना घर, ना दागिना. बँकेने पगारदार जामीनदार मागितला. आपल्या वस्तीत पगारदार असतात किती? जो असतो त्याच्याच दारात सगळे येतात. त्याने सही केली. 2020 ची टाळेबंदी आली, टेम्पो उभा राहिला, हप्ते थकले. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. शेवटी तडजोडीने रक्कम भरली गेली, खाते मिटले. पण अहवालात 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' अशी नोंद राहिली. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ पूर्ण पैसे आले नाहीत एवढाच. ते का आले नाहीत, याला त्या कागदावर रकाना नाही.

स्कोअरला जात कळत नाही, असे म्हणतात. खरे आहे. पण ज्याच्या बापाची मुदत ठेव बँकेत आहे, त्याचा मित्र जामीनदार शोधत वस्तीत फिरत नाही, हेही खरे आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वर्णानुसार व्याज सांगितले आहे: ब्राह्मणाला दरमहा शेकडा 2, क्षत्रियाला 3, वैश्याला 4, शूद्राला 5. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडून जास्त. आजचा नियम वर्ण विचारत नाही. पण स्कोअर कमी असला की व्याज जास्त लागते, आणि स्कोअर कमी का झाला हे कोणी विचारत नाही. म्हणून पत आणि चारित्र्य या दोन गोष्टी एक समजू नका. स्कोअर ही परतफेडीची नोंद आहे, माणसाच्या इभ्रतीचा दाखला नाही.

आता व्यवहाराचे बोलू. लग्न झाले म्हणून नवरा-बायकोचा स्कोअर एक होत नाही. प्रत्येकाचा वेगळा असतो. पण अर्ज जोडीने केला की बँक दोन्ही पाहते, आणि कमी असलेला स्कोअर आडवा येतो. आम्ही ठरवले, अर्ज तिच्या एकटीच्या नावाने करायचा. याची किंमत आहे. एकाच पगारावर कर्ज कमी बसते. 8.5 टक्के दराने 20 वर्षांसाठी 20 लाखांचा हप्ता सुमारे 17,350 रुपये येतो आणि 30 लाखांचा सुमारे 26,000. तिच्या 42 हजारांच्या पगारावर 20 लाख बसले, 30 बसले नाहीत. दोन खोल्या आणि हॉलचे स्वप्न एका खोलीवर आले.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी. बँका साधारणपणे सहमालकाला सहअर्जदार व्हायला लावतात. म्हणजे तो अर्जात नसेल तर खरेदीखतातही नसेल. खरा वाद इथेच सुरू झाला.

अधिकारी म्हणाला, "मॅडमच्या भावाला घ्या सोबत, पुरुषाचे नाव असलेले बरे." त्याचे वडील म्हणाले, "सून चांगली आहे, पण पोराचे नाव कुठेच नाही?" एक कार्यकर्ते मित्र तर हसत म्हणाले, "आता घरजावई झालास म्हणायचा." हे सगळे 14 एप्रिलला आमच्यासोबत मिरवणुकीत असतात.

या लोकांना आमचा प्रश्न साधा आहे. बाईच्या नावावर कर्ज काढायला आपला समाज कधी लाजला? मायक्रोफायनान्सच्या गटातले कर्ज बाईच्या नावाने निघते, पैसा नवऱ्याच्या गाडीत, दुकानात जातो आणि वसुलीवाला दारात आला की बाई उभी राहते. तेव्हा कोणी विचारत नाही, पोराचे नाव कुठे? कर्ज तिचे चालते, मालकी मात्र चालत नाही. मनुस्मृतीच्या त्याच आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र आणि दास यांना स्वतःचे धन नसते असे लिहिले आहे. ते पुस्तक बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळले. स्त्रीला मालमत्तेचा हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलाची गळचेपी झाली, म्हणून 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि आपण घरात बसून तोच प्रश्न विचारणार?

मात्र आमच्यासारख्यांनी स्वतःलाही एक गोष्ट बजावली पाहिजे. 'नवऱ्याचा स्कोअर खराब, म्हणून तूर्त बायकोच्या नावावर' एवढाच हिशेब असेल तर ती मालकी नावापुरतीच राहते. हप्त्यात त्याचा पगारही जातो, हे खरे. पण ती वर्षानुवर्षे घरात राबत असताना पुरुषाच्या नावावर घरे झाली, तेव्हा तिच्या कष्टाचा हिस्सा कुणी लिहिला होता? आम्ही ठरवले: घर तिचे. त्याचा वाटा संसारातला आहे, मालकीतला नाही.

जे या वाटेने जातील त्यांच्यासाठी काही गोष्टी.

महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 23 लाखांच्या घरावर 23 हजार वाचतात. काही बँका स्त्रियांना व्याजातही थोडी सूट देतात, विचारून घ्या.

घर आणि कर्ज दोन्ही तिचे असेल तर आयकरातली सवलतही तिलाच मिळते. हप्ता त्याच्या खात्यातून गेला तरी त्याला मिळत नाही.

एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते. अर्जात विचारलेले काही लपवू नका.

चारही पतमापन कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. 'सेटल्ड' खात्याची उरलेली रक्कम भरून 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि नोंद बदलायला लावा. आम्ही ते काम सुरू केले आहे.

तिच्या नावाने कर्जाइतका मुदत विमा घ्या आणि मृत्युपत्र करा. 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर तिच्या कमाईच्या घरावर आधी मुले आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि तिचे आईवडील त्यानंतर. ज्यांनी मोलमजुरी करून तिला शिकवले ते रांगेत मागे. हे तिला मान्य आहे का, ते तिला विचारा.

शेवटी जामिनाबद्दल. जामीन राहणे हा गुन्हा नाही. ज्यांच्याकडे तारण नाही त्यांचे तारण आपली माणसेच असतात. पण सही करण्याआधी ते कर्ज आपलेच आहे असे समजून हप्त्याचा हिशेब करा, आणि घरातल्या बाईला विचारून सही करा. विहारात दर रविवारी वंदना होते. महिन्यातला एक रविवार वंदनेनंतर अर्धा तास हे कागद वाचायला द्या. आपल्या वस्तीत बँकेचे काम जाणणारा एखादा तरी कर्मचारी असतोच. त्याला बोलवा, स्कोअर काढा, जामिनाच्या कागदावर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचा. आणि त्या बैठकीला बाया पुढच्या रांगेत बसू द्या.

जय भीम! जय संविधान!